पडेल भावाची भारी मोटार

गेल्या चारपांच वर्षांत आमच्या कोपरगांव-वैजापूर भागांत एक नवा प्रघात पडला आहे, आणि त्याविषयीं या मासिकांत चार शब्द लिहावे असें बरेच दिवस आमच्या मनांत घोळत होतें. पूर्वीं बागाइतदाराच्या दारांत खिल्लारी जोडी, पुढें फटफटी, मग जीप व ट्रॅक्टर, असा क्रम असे. आतां पत्र्याच्या छपराखालीं, कडब्याच्या गंजीशेजारीं, दहाबारा वर्षें वापरलेल्या पण मूळच्या पन्नास-साठ लाखांच्या विलायती मोटारी उभ्या दिसूं लागल्या आहेत. उंच, रुंद, चारही चाकांना ओढ असलेल्या, आंत कातड्याच्या गाद्या व वर काचेचें छत. तरुण मंडळी त्यांस 'एस. यू. व्ही.' म्हणतात. त्या आठनऊ लाखांत मिळतात, आणि मोहाचें मूळ तेथेंच आहे.

या वस्तूचा आम्हांस तिटकारा आहे असें वाचकांनीं समजूं नये. ही जात मुळांत शेतकऱ्याचीच. इंग्लंडांतील रोव्हर कारखान्याचे मुख्य अभियंते मॉरिस विल्क्स यांची अँगलसी बेटावर शेती होती. तेथें ते लढाईंतील एक जुनी जीप वापरीत, आणि ती मोडल्यावर तिच्या जागीं दुसरें काय आणावें या विवंचनेंतून लँड रोव्हर निघाली. ती १९४८ सालच्या एप्रिल अखेरीस अँमस्टरडॅमच्या प्रदर्शनांत मांडली, तेव्हां तिच्या इंजिनावर शेतांतलीं यंत्रें चालवितां येतात हा तिचा मोठा गुण म्हणून सांगितला जाई. १९७० सालीं तिची मोठी बहीण रेंज रोव्हर आली, तीसुद्धां आंतून पाण्यानें धुऊन काढतां येईल अशी होती. कातडें, लांकूड व मखमल हा थाट मागाहून चढला. हा कारखाना २००८ पासून आपल्या टाटांच्या मालकीचा आहे, हें सर्वांस ठाऊकच आहे. सारांश, चिखलांत जाणारी गाडी शेतकऱ्यानें ठेवूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. आमची तक्रार हिशेबाविषयींची आहे.

आमच्या पुतण्याची जमीन समृद्धी महामार्गांत गेली. त्या पैशांतून कर्ज फिटलें, बहिणीचें लग्न झालें, विहिरीचें काम झालें, आणि उरलेल्या रकमेंतून २०२२ सालीं त्यानें एक २०११ सालची, सात माणसांची, डिझेलवर चालणारी विलायती गाडी आणली. नऊ लाखांस. आम्हीं नाराजी दाखविली तेव्हां तो म्हणाला, "तात्या, एवढ्या पैशांत नवी बोलेरोसुद्धां दारांत येत नाहीं." त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. खोट होती ती त्याच्या मागच्या समजुतींत. गाडीची किंमत उतरली म्हणजे तिचा खर्चही उतरला, असें तो समजला. वस्तुतः पन्नास लाखांची गाडी नऊ लाखांवर आली, तरी तिचा प्रत्येक सुटा भाग पन्नास लाखांच्या गाडीचाच राहतो. टायर त्याच मापाचे, तेल त्याच प्रतीचें व तितकेंच, मजुरीही तीच. किंबहुना जुनेपणामुळें भाग अधिक लागतात. म्हातारी झालेली जातिवंत म्हैस स्वस्त मिळते, पण तिची वैरण कांहीं अर्धी होत नाहीं, यासारखाच हा प्रकार आहे.

या गाड्या इतक्या स्वस्त कां येतात, हेंही पाहिलें पाहिजे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालीं दिल्ली प्रदेशांत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांस बंदी केली, व २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तीच कायम केली. पुढें २०२५ मध्यें त्यांत कांहीं ढिलाई झाली, परंतु मधल्या काळांत दिल्लीच्या धनिकांच्या शेंकडों गाड्या दलालांच्या हातून इतर प्रांतांत पांगल्या. आमच्या पुतण्याची गाडी त्यांतलीच एक.

येथें आम्ही महसुली कारकुनीच्या संवयीनें एक गोष्ट आग्रहानें सांगतों. जमीन घेतांना आपण सातबारा पाहतों, फेरफार पाहतों, इतर हक्कांत कोणाचा बोजा आहे काय तें पाहतों. गाडी घेतांना मात्र रंग पाहतों. परप्रांतांतील गाडीस तेथील परिवहन कचेरीचें ना-हरकत प्रमाणपत्र लागतें, तें नमुना २८ वर मिळतें. नांव बदलण्यास नमुने २९ व ३० लागतात. कर्ज काढून घेतलेली असेल तर बोजा उतरल्याबद्दल नमुना ३५ पाहिजे. बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यांत गाडी ठेवावयाची तर तेथील नवा नंबर घेणें मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमानें बंधनकारक आहे, आणि तेव्हां येथील करही भरावा लागतो. दलालानें "सर्व कागद आठ दिवसांत" म्हणून सांगितलें होतें. त्यास आठ महिने लागले. तोंवर गाडी दफ्तरीं दुसऱ्याच्याच नांवावर होती. विकणारानेंही येथें सावध असावें. अपघात झाल्यास नुकसानभरपाईची जबाबदारी दफ्तरीं ज्याचें नांव त्याचीच, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ सालचा निकाल आहे. 'स्टँपपेपरावर लिहून दिलें आहे' हें उत्तर तेथें चालत नाहीं. शिवाय गाडीस पंधरा वर्षें झालीं कीं नोंदणीचें नूतनीकरण करावें लागतें. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीस ५,००० रुपये आहे, व वीस वर्षांवरील गाडीस ऑगस्ट २०२५ मध्यें ती १०,००० केली. हरित कर निराळा.

आतां यंत्राकडे वळूं. या जातीच्या पुष्कळ गाड्यांस पोलादी स्प्रिंगा नसतात. त्यांच्या जागीं रबराच्या हवेच्या पिशव्या असतात, आणि एक लहानसा विजेचा पंप त्यांत हवा भरतो. त्यामुळें गाडी खड्ड्यांतून पाण्यावरून गेल्यासारखी जाते, व कळ दाबली कीं उंच होते. हें सुख खरेंच आहे, आम्हीं तें अनुभविलें आहे. परंतु रबर तें रबरच. दहा वर्षांनीं त्याच्या घड्यांस बारीक चिरा पडतात. रात्रीं उभी केलेली गाडी सकाळीं एका बाजूस बसलेली दिसते, म्हणजे वाचकांनीं समजावें कीं पिशवी फुटली. खरा घात याच्या पुढें आहे. पिशवींतून हवा जात राहते, पंप ती भरून काढण्यासाठीं धांवत राहतो, आणि थोडावेळ चालण्यासाठीं केलेला तो पंप अखेर जळतो. पुतण्यानें पहिल्या पिशवीच्या वेळीं "चालतंय तोंवर चालूं दे" म्हणून दोन महिने काढले. एका पिशवीच्या कामांत दुसरी पिशवी व पंप असें तिहेरी काम झालें. मोटेचा नाडा झिजलेला दिसतांच जुने लोक तो बदलीत. मोट विहिरींत पडण्याची वाट पाहत नसत.

गिअरपेटीविषयीं असाच एक गैरसमज आहे. तिचें तेल जन्मभर बदलावें लागत नाहीं, असें पुष्कळ ठिकाणीं सांगतात. परंतु अशा पेट्या बनविणाऱ्या झेड. एफ. या जर्मन कारखान्यानेंच तें ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरांच्या दरम्यान बदलावें असें म्हटलें आहे. पहिल्या मालकानें तें बदललेलें नव्हतें, पुतण्यानें विचारलें नाहीं, आणि दुसऱ्या वर्षीं पेटी उघडावी लागली. टायरांची गोष्ट सोपी आहे. बाजूवर चार आंकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे. नक्षी शाबूत दिसली तरी साल जुनें असेल तर टायर जुनाच समजावा. काचेच्या छताच्या कोंपऱ्यांत पाणी वाहून जाण्याच्या बारीक नळ्या असतात. त्या पाल्यानें बुजल्या कीं पाणी गालिच्याखालीं उतरतें, आणि तेथेंच विजेच्या पेट्या असतात. लिंबाखालीं गाडी लावणाऱ्यानें हें विशेष ध्यानांत ठेवावें. आणि उंदीर! ऊंसतोड झाली कीं फडांतले उंदीर गांवाकडे येतात, व तारांवरील मऊ वेष्टण त्यांस भारी आवडतें. शहरांतल्या कारागिरास हें कारण पटवितांना पुतण्यास अर्धा दिवस लागला.

पुतण्याची एक गोष्ट मात्र आम्हांस आवडली. त्यानें पहिल्या दिवसापासून वही ठेवली. तीन वर्षांचा खर्च असा. दोन पिशव्या व पंप १,६०,०००, चार टायर १,०५,०००, गिअरपेटी १,८५,०००, उंदरांनीं खाल्लेल्या तारा ४२,०००, तेल, गाळण्या वगैरे नित्याची निगा सहा वेळां मिळून १,६८,०००, कर, नोंदणी व दलाली १,१०,०००, विमा ९०,०००. एकूण ८,६०,०००, आणि यांत डिझेल धरलेलें नाहीं. म्हणजे नऊ लाखांची गाडी त्यानें तीन वर्षांत जवळजवळ दोनदां विकत घेतली. आज तिला साडेचार लाखांचें गिऱ्हाईक आहे.

येथवर हा एका घराचा हिशेब झाला. पण गिअरपेटीचे १,८५,००० कोठून आले, तें आम्हीं मुद्दामच मागें ठेवलें होतें. ते ऊंसाच्या पीककर्जांतून आले. सोसायटीनें तीन लाख दिले, त्यांतले निम्म्याहून अधिक कारखान्यांत गेले, आणि ऊंसाच्या बांधणीच्या वेळचें खत अर्धेंच पडलें. पुढें उतार काय आला तें सांगावयास नकोच. आपल्याकडे २०२१ पासून डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेंत तीन लाखांपर्यंतचें पीककर्ज मुदतींत फेडल्यास शेतकऱ्यास व्याज पडत नाहीं. मुदत टळली, सवलत गेली, व थकबाकीची नोटीस आली. ती आम्हांसही आली, कारण जामीन आम्ही होतों. तीस वर्षें दुसऱ्यांच्या नांवें नोटिसा लिहिल्या. आपल्या नांवाची हातांत पडली तेव्हां ती दोनदां वाचावी लागली. वहिनींनीं दुभती गाय काढतों म्हणून सांगितलें. आम्हीं तें होऊं दिलें नाहीं, पण आमच्या निवृत्तीच्या पुंजीस त्या दिवशीं हात लागला.

म्हणून आमचें मत असें आहे कीं सोसायट्यांनीं पीककर्जाचा कांहीं भाग पुन्हां वस्तुरूपानें, खतबियाण्यांच्या रूपानें द्यावा. पूर्वीं रोख व वस्तुरूप असे दोन भाग असत. तरुण सभासदांस हें जाचक वाटेल, व खताच्या दुकानीं होणारे गैरप्रकार आम्हीही पाहिलेले आहेत. तरीही घरांत आलेली गोणी गिअरपेटींत घालतां येत नाहीं, हा तिचा मोठा गुण आहे.

ज्यास ही हौस करावयाचीच आहे त्यानें ती खुशाल करावी. पण किंमतीच्या निम्मी रक्कम गाडी घेण्यापूर्वींच निराळ्या ठेवींत टाकावी, आणि ती नसेल तर गाडीही नको म्हणावें. आमच्या शेजारच्या गांवीं एका कांदेवाल्याकडे २००८ सालची पजेरो आहे. पोलादी स्प्रिंगा, साधें यंत्र. तो दर पावसाळ्यापूर्वीं तिच्या खालचा चिखल धुऊन गंज खरवडतो, तेल वेळेपूर्वीं बदलतो, आणि कांद्याच्या वर्षांतच मोठें काम काढतो. ती गाडी अजून कोठें अडलेली आम्हीं पाहिली नाहीं. मानाची गोष्ट निघते तेव्हां आम्ही तिच्याकडे बोट दाखवितों. सोयरिकीस आलेले पाहुणे गाडी पाहतात हें खरें. अलीकडे ते सोसायटीचा उताराही मागतात, हेंही तितकेंच खरें.

पुतण्यानें आतां गाडी काढावयाचें ठरविलें आहे. घेणारा पलीकडच्या तालुक्यांतला शेतकरीच आहे, वयानें लहान, आणि काचेचें छत पाहून हरखलेला. मागच्या उजव्या पिशवीनेंही परवां सकाळीं मान टाकली. ती सांगावी काय, असें पुतण्यानें आम्हांस विचारलें. आम्हीं म्हटलें, किल्लीबरोबर वहीही त्याच्या हातीं दे. तो कांहीं बोलला नाहीं. वही अजून आमच्याच कपाटांत आहे, व गिऱ्हाईक येत्या रविवारीं यावयाचें आहे.