गावाचाही ताळेबंद वाचावा

पदवीचे निकाल लागले की समाजात गुणगौरव समारंभ होतात. शाल, श्रीफळ व आशीर्वाद घेऊन पदवीधर पुण्याची वाट धरतात किंवा दुकानाच्या गादीवर बसतात. कवठे येमाईसारख्या आपल्या गावाला या शिक्षणाचा काय उपयोग, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

याचे उत्तर शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. हिवरे बाजारचे पोपटराव पवार एम.कॉम. झाले आणि १९८९ साली सरपंच झाले. पुढे त्यांना पद्मश्री लाभली. त्यांच्या अनेक कामांपैकी पाण्याचा ताळेबंद मला, बँकेत आयुष्य घालविलेल्या माणसाला, विशेष मोलाचा वाटतो. गावात पडलेला पाऊस मोजावयाचा, माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी प्रथम राखावयाचे आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यावयाची हे ग्रामसभेत ठरवावयाचे. जमेपेक्षा खर्च वाढू नये, हा व्यापाऱ्याच्या घरातील नियम त्यांनी पाण्याला लावला.

प्रत्येकाने सरपंच व्हावे असे नाही. ग्रामसभेला मात्र जावे. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. तेवढे न जमल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. आपण घरी बसलो तरी निर्णय थांबत नाहीत.

आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागील वर्षाचा जमाखर्च व लेखापरीक्षणाचे शेरे ठेवावयाचे असतात. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर पंचायतीचा आराखडा व खर्च मोबाईलवरही पाहता येतो. ते आकडे वाचून चार ग्रामस्थांना सोप्या भाषेत सांगणे, हे वाणिज्य पदवीधराला सहज जमणारे काम आहे.

“सगळेच आपले गिऱ्हाईक, वाईटपणा कशाला घ्यावा?” असे वडीलधारी मंडळी म्हणतील. ही भीती खोटी नाही. परंतु बँकेच्या शाखेत लेखापरीक्षक आला म्हणून कोणी त्यास वैरी मानीत नसे. प्रश्न व्यक्तीविषयी नसावा, नोंदीविषयी असावा, भाषा सौम्य असावी. आणि आपली घरपट्टी, पाणीपट्टी आधी भरलेली असावी, कारण थकबाकीदाराने हिशेब मागणे शोभत नाही.

पालकांना एवढीच विनंती की, येत्या १५ ऑगस्टच्या सुमारास ग्रामसभा होईल, तेव्हा मुलामुलींना आवर्जून तेथे पाठवावे आणि तासभर दुकान स्वतः सांभाळावे.