सहा महिन्यांनंतरच्या रात्री

उष्टावण झालं, मूल वरचं खाऊ लागलं, की त्याने रात्रभर झोपलं पाहिजे, असं आपल्याकडे धरून चालतात. नाही झोपलं तर दोष आईचा. ‘तुझं दूध पातळ झालं’, ‘तूच वाईट सवय लावलीस’, ‘दिवसा पोटभर भरवत नाहीस’. पालघर तालुक्यातल्या नवापूर, उच्छेळी, दांडी या किनाऱ्यावरच्या गावांत आणि बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या चाळींत मी काम करते. बायकांच्या बैठकीत हे बोलणं हमखास निघतं आणि ‘घरचा किरकोळ विषय’ म्हणून तितक्याच लवकर बाजूला पडतं. माझं म्हणणं असं, की हा विषय किरकोळही नाही आणि नुसता घरचाही नाही. सहा महिन्यांनंतरच्या मुलाचं रात्रीचं उठणं हा बाईच्या श्रमाचा आणि हक्काचा प्रश्न आहे. तो आपल्या मागण्यांच्या यादीत यायला हवा.

आधी शरीराचं पाहू. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, त्यानंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा अधिक काळ अंगावर पाजणं चालू ठेवावं. सहा ते बारा महिन्यांच्या मुलाची निम्मी किंवा त्याहून जास्त ऊर्जेची गरज अंगावरचं दूध भागवू शकतं, दुसऱ्या वर्षात सुमारे एक तृतीयांश. सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या मुलाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० उष्मांक लागतात. म्हणजे दोन-तीन वेळा थोडा तेल-तूप घातलेला मऊ वरणभात, नाचणीची खीर, अंडं, काटे नीट काढून कुस्करलेली मासळी. ‘वरचं’ या शब्दातच सगळं आलं: ते दुधाच्या जोडीला आहे, दुधाच्या जागी नाही. पोट लहान, वाढ भराभर. अशा मुलाला रात्री भूक लागणं साहजिक आहे.

आणि पोट भरलेलं असलं तरी मूल उठतंच. ब्रिटनमधल्या स्वॉन्सी विद्यापीठाच्या एमी ब्राउन आणि व्हिक्टोरिया हॅरिस यांनी २०१५ साली सहा ते बारा महिन्यांच्या मुलांच्या ७१५ आयांची माहिती घेऊन अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली ७८ टक्क्यांहून जास्त मुलं रात्री एकदा तरी उठत होती. अंगावर पिणारी आणि बाटलीने पिणारी, यांत फरक आढळला नाही. दिवसा जास्त दूध किंवा जास्त अन्न मिळालेली मुलं रात्री कमी वेळा पीत होती, पण उठत होती तेवढीच. तेव्हा झोपताना घट्ट खळ भरवा, चहात बिस्कीट बुडवून द्या, पावडरचं दूध सुरू करा, या सल्ल्यांनी झोपेची हमी मिळत नाही. दूधपावडर आणि बालअन्नाच्या जाहिरातबाजीला आळा घालणारा कायदा आपल्याकडे १९९२ पासून आहे, तरीही ‘दूध पुरत नाही’ या भीतीवर तो डबा घरात येतो. अर्थात ताप, जुलाब, लघवी कमी होणं, वजन न वाढणं अशी लक्षणं असतील तर मुलाला दवाखान्यात न्यायलाच हवं. खेळतं, वाढतं मूल केवळ रात्री उठतं म्हणून आजारी ठरत नाही.

आता आपल्या पट्ट्यातलं वास्तव. ठेकेदारामार्फत पॅकिंगला जाणारी बाई सकाळी सातला घर सोडते आणि ओव्हरटाइम असला की अंधार पडल्यावर परतते. मासळी विकणारी बाई पहाटेच निघते. मूल सासूजवळ, शेजारणीजवळ, नाहीतर शाळा सोडून घरी बसलेल्या मोठ्या बहिणीजवळ. दिवसभर आई नाही, अंगावरचं दूध नाही. मग मूल दिवसाची कसर रात्री भरून काढतं. त्याला दूध हवं असतं, तशी आईही हवी असते. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, त्यामुळे हे रात्रीचं पाजणंच कामावर जाणाऱ्या बाईचं दूध टिकवतं. ज्याला आपण वाईट सवय म्हणतो, तो त्या दोघांनी कामाच्या वेळापत्रकातून काढलेला मार्ग आहे. त्याची किंमत मात्र एकटी आई मोजते. चार वेळा उठायचं, पाचला पाणी भरायचं, सातला गेटवर हजर.

आपली व्यवस्था या बाईकडे कशी पाहते? सहा महिने झाले की ती कागदावरून नाहीशी होते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने अंगणवाडीतून मिळणारा आईचा आहार बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंतच आहे. प्रसूती रजा २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवडे झाली, पण दोन मुलं असलेल्या बाईला ती १२ आठवडेच. २६ मधले आठ आठवडे आधी घेतले, तर मूल जेमतेम चार महिन्यांचं असतानाच कामावर हजर व्हावं लागतं. मासळी विकणारीला मालकच नाही, म्हणून रजाही नाही. एकीकडे सरकारी भिंतींवर दोन वर्षं पाजण्याचा उपदेश आणि दुसरीकडे सहा महिन्यांनी हात वर! मूल तर तेव्हा कुठे खायला शिकत असतं.

कायद्यात काहीच नाही असंही नाही. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामील झाला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या, ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर, आईला तिथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा, हे सारं त्यात आहे. अनेक आस्थापनांनी मिळून एकच पाळणाघर चालवावं, अशीही तरतूद आहे. पण मूल आठ-दहा किलोमीटरवर नवापूरला आणि आई गेटच्या आत, तर पाजण्याची सुट्टी घेऊन ती करणार काय? पाळणाघराशिवाय ती सुट्टी कागदावरच राहते. त्याच दिवशी लागू झालेल्या दुसऱ्या संहितेने बाईला तिच्या संमतीने रात्रपाळी देण्याची वाट मोकळी केली. रोजंदारीवरच्या, अंगावर पिणारं मूल असलेल्या बाईची ‘संमती’ किती मोकळी असते, हे आपण जाणतो.

तारापूरच्या वसाहतीचं सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडलं जातं. त्याविरुद्ध मच्छीमार समाजाने राष्ट्रीय हरित लवादापर्यंत दाद मागितली. त्याच समाजातल्या सुना आज त्या वसाहतीत कामाला जातात. ज्या किनाऱ्याने या उद्योगांचं एवढं पोटात घेतलं, त्या किनाऱ्यावरच्या मुलांसाठी एक पाळणाघर मागणं हे काही फार मोठं मागणं नाही.

आपल्या जिल्ह्याला हे नवीनही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ पासून ते कोसबाडच्या टेकडीवर वाढवलं. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी मोठी मुलं घरी राहतात, हे ओळखून त्यांनी विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली. मूल सांभाळणं ही गावाची जबाबदारी आहे, असं त्यांनी करून दाखवलं.

म्हणून माझ्या सूचना अशा. तारापूर वसाहतीतल्या कारखान्यांनी एकत्र येऊन पाळणाघरं काढावीत, आणि ठेकेदाराकडच्या बायकांची मुलंही त्यांत घ्यावीत. किनाऱ्यावरच्या गावांत केंद्राच्या पाळणा योजनेतून अंगणवाडीला जोडून पाळणाघर मिळावं, आणि त्याची वेळ मासळीबाजाराच्या वेळेशी जुळावी. त्या सेविकांना पुरेसा पगार मिळावा, नाहीतर एका बाईचं ओझं दुसरीच्या डोक्यावर जाईल. पाजणाऱ्या आईचा अंगणवाडीतला आहार मूल दोन वर्षांचं होईपर्यंत चालू राहावा.

आणि घरात? पाजणं आईला करावं लागतं, बाकीचं नाही. दुपटं बदलणं, खांद्यावर घेऊन फिरवणं, थोपटणं, पहाटेचं पाणी भरणं, डबा करणं हे बापाला येतं, येत नसेल तर शिकता येतं. ‘तो कामावर जातो’ ही सबब आता चालायची नाही, कारण तीही जाते. कुणा बाईला रात्रीचं पाजणं थांबवायचं असेल, तर तोही तिचा निर्णय, आणि त्यासाठीही कुणीतरी रात्री उठायला लागेलच.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत कुणी म्हणाली, ‘बाळ रात्री झोपू देत नाही’, तर तिला उपाय सांगण्याआधी तीन प्रश्न विचारू या: तू कामावरून किती वाजता येतेस? दिवसा मूल कुणाजवळ असतं? रात्री तुझ्याबरोबर कोण उठतं? मिळणारी उत्तरं लिहून ठेवू या. कामगार अधिकाऱ्याकडे जाताना तीच आपल्या निवेदनाला जोडायची आहेत.