जानेवारीत काश्मीरला निघालात? आधी अंदाज वाचायला शिका

“बर्फ मिळेल ना?” जानेवारीची तिकिटं काढणाऱ्या प्रत्येकाचा हा पहिला प्रश्न असतो. टूरवाला मान डोलावतो, मोबाइलमधलं ॲप चौदा तारखेच्या रकान्यात बर्फाची चांदणी दाखवतं, आणि आपण बॅगा भरायला घेतो. त्या चांदणीवर फार विसंबू नका. दोन आठवडे पुढच्या तारखेला बर्फ पडेल की ऊन, हे आज कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. ॲपला रकाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणून तिथे काहीतरी चित्र असतं, एवढंच.

काश्मीरचा हिवाळा एका आठवड्यात किती फिरतो, ते २०२४ च्या डिसेंबरात दिसलं. २१ तारखेला चिल्लई कलान बसतो, म्हणजे तिथल्या कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस सुरू होतात. त्याच पहाटे श्रीनगरचा पारा उणे ८.५ अंशांवर उतरला. गेल्या पन्नास वर्षांत डिसेंबरातली इतकी थंड रात्र शहरानं पाहिली नव्हती. दल सरोवराचा काठ गोठला, नळ गोठले, पण आकाश निरभ्र होतं. मग २७ तारखेला बर्फ सुरू झाला. दुसऱ्या दिवशी विमानं रद्द झाली, जम्मूकडे जाणारा महामार्ग बंद पडला, काझीगुंडच्या बाजूला गाड्यांच्या रांगा बर्फात अडकून राहिल्या. अडकलेल्या पर्यटकांसाठी स्थानिक लोकांनी घरांची आणि मशिदींची दारं उघडली. उलट उदाहरण जानेवारी २०२४ चं. महिन्याचा बराचसा काळ गुलमर्गच्या उतारांवर वाळकं गवत दिसत होतं. बर्फ आला तो महिना सरता सरता. त्या महिन्याच्या पूर्वार्धात गेलेल्या मंडळींनी काय फोटो काढले असतील, ते त्यांनाच ठाऊक.

हा सगळा खेळ पश्चिमी झंझावातांचा आहे. हिंदी बातम्यांत त्याला ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणतात, हवामान खात्याच्या इंग्रजी पत्रकात ‘वेस्टर्न डिस्टर्बन्स’. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियनच्या बाजूनं ही वादळं वरच्या पश्चिमी वाऱ्यांसोबत पूर्वेकडे सरकतात, वाटेत ओलावा उचलतात आणि हिमालयाला अडली की रिकामी होतात. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा येतात. काही नुसते ढग दाखवून जातात, काही तीन दिवस मुक्काम ठोकतात. प्रवास बराच लांबचा असल्यामुळे ते येतायत हे चार-पाच दिवस आधी कळतं. नेमका कुठे किती बर्फ पडेल, हे मात्र शेवटच्या दोन-तीन दिवसांतच स्पष्ट होतं. (हाच झंझावात पुढे सरकला की मागून उत्तरेचे गार वारे सुटतात आणि नाशिक-निफाडचा पारा घसरतो. तेव्हा आपल्याकडच्या शेकोट्यांचाही त्याच्याशी संबंध आहे.) म्हणून ‘चौदा तारखेला बर्फ आहे का’ असं विचारण्याऐवजी ‘पुढचा झंझावात कधी येतोय आणि केवढा आहे’ हे विचारा.

आता बहुतेकांची फसगत होते ती जागा. ॲपमध्ये रात्रीचं तापमान उणे ७ दिसलं की लोक खूश होतात: एवढी थंडी म्हणजे बर्फ नक्की! प्रत्यक्षात बहुधा उलट असतं. श्रीनगर चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात, सुमारे १५८५ मीटरवर आहे. आकाश मोकळं असलं की रात्रभर जमिनीची ऊब वर निघून जाते आणि डोंगरावरची जड, गार हवा खाली उतरून खोऱ्यात साचते. अशा काही रात्री तर श्रीनगर गुलमर्गपेक्षाही जास्त गारठतं. ढग आले की ते गोधडीसारखे वर पसरतात आणि पारा उणे १, शून्य असा वर चढतो. तेव्हा सलग चार-पाच रात्री उणे ६, उणे ७ असतील, मग आकडा एकदम उणे १ वर गेला असेल आणि दिवसाचं तापमान मात्र खाली आलं असेल, तर ती बर्फाची चाहूल समजा. नुसते खोल उणे आकडे म्हणजे कोरडी थंडी, सकाळचं धुकं आणि उशिरानं सुटणारी विमानं.

ॲपमध्ये मिलिमीटर दिलेले असतात, तेही बघा. ढोबळ हिशेब असा की १ मिलिमीटर पाण्याचा १ सेंटिमीटर बर्फ होतो. १० मिलिमीटर दिसले तर गुलमर्गला साधारण दहा सेंटिमीटर, खाली शहरात मात्र कदाचित नुसता चिखल. कारण उंची. हवा दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. गुलमर्ग २६५० मीटरवर आहे, म्हणजे ढगाळ दिवशी श्रीनगरात २ अंश असतील तेव्हा तिथे उणे ५ च्या आसपास. तिथल्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या अंगावर चार हजार मीटरच्या जवळपास नेऊन सोडतो. तिथे आणखी आठ-नऊ अंश उतरतात आणि वर वारा. ‘श्रीनगर’ टाइप करून आलेला आकडा बघून आजीला नुसत्या शालीवर गोंडोलात बसवू नका.

ॲप ठीक आहे, पण निर्णय घ्यायचा तो भारतीय हवामान खात्याचं श्रीनगर केंद्र जे पत्रक काढतं ते वाचून. त्यातली भाषा आपल्याला अनोळखी नाही. पावसाळ्यात ‘कोकणात तुरळक ठिकाणी’ किंवा ‘बहुतांश ठिकाणी’ असं आपण ऐकतोच. ते शब्द मोजून-मापून वापरलेले असतात. ‘तुरळक’ म्हणजे त्या भागातल्या फार तर पाव हिश्श्यातल्या केंद्रांवर; ‘बहुतांश’ म्हणजे तीन चतुर्थांशाहून जास्त. त्यामुळे ‘उंचावरील तुरळक ठिकाणी हलका बर्फ’ असं वाक्य असेल तर सहल रद्द करायचं कारण नाही, आणि बर्फाच्या आशेनं उड्या मारायचंही नाही. ‘बहुतांश ठिकाणी मध्यम, काही ठिकाणी जोरदार’ आणि सोबत नारिंगी रंगाचा इशारा असेल, तर त्या दिवशीचा रस्त्याचा प्रवास मनातून काढून टाका. पत्रकात जोर केव्हा असेल तेही बहुधा दिलेलं असतं: अमुक तारखेच्या रात्रीपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, असं. तेवढं वाक्य वहीत उतरवून घ्या. आणि पत्रक कोणत्या तारखेचं, किती वाजताचं आहे हे आधी पाहा. फॅमिली ग्रुपवर फिरणारं पत्रक पुष्कळदा मागच्या आठवड्याचं असतं, कधी मागच्या वर्षीचंही.

अंदाज वाचून करायचं काय? टूर ठरवतानाच सांगा की गुलमर्ग, पहलगाम, सोनमर्ग यांचा क्रम आम्ही तिथे गेल्यावर ठरवू. मुक्काम श्रीनगरला ठेवला तर हे सहज जमतं. झंझावात दुसऱ्या दिवशी येणार असेल तर तो दिवस शहरात काढा. हमामवर, म्हणजे खालून तापवलेल्या जमिनीवर, ऊबदार झालेल्या खोलीत बसून खिडकीतून बर्फ बघणं हीसुद्धा सहलच आहे. आकाश उघडलं की वर जा. पण उघडल्याबरोबर पहाटे सहाला निघू नका. बर्फ थांबून आभाळ निवळलं की येणारी रात्र कडक असते. दिवसा वितळलेलं पाणी रस्त्यावर काचेसारखं गोठतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. दहा-अकरा वाजू द्या, ऊन पडू द्या, यंत्रांना रस्ता साफ करू द्या. ताज्या बर्फानंतर वरच्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका असतो. इशारा असेल तर ‘जरा पुढे जाऊन येऊ’ म्हणणाऱ्या गाइडला सरळ नाही म्हणा.

जम्मूहून गाडीनं जाणाऱ्यांनी दोन अंदाज पाहावेत: काझीगुंडचा आणि रामबनचा. नाशरी आणि बनिहाल-काझीगुंड या दोन बोगद्यांनी महामार्गाचं बरंच काम सोपं केलं, पण मधला रामबन ते बनिहालचा पट्टा अजून तसाच ठिसूळ आहे. बोगद्यापलीकडे काझीगुंडला बर्फ पडत असतो तेव्हा अलीकडे रामबनला पाऊस असतो, आणि त्या पावसानं डोंगरावरचे दगड सुटतात. वाहतूक पोलिस रोज रस्त्याची स्थिती जाहीर करतात. ती पाहिल्याशिवाय जम्मू सोडू नका. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत धावू लागली आहे. विमानं रद्द झाल्यावर तो एक पर्याय असतो, पण सगळेच तिकडे धावतात हे लक्षात ठेवा.

परतीच्या विमानाच्या आधी एक दिवस रिकामा ठेवा आणि मुंबईला उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी लग्न, परीक्षा किंवा ऑपरेशनची तारीख ठेवू नका. औषधं चार-पाच दिवसांची जास्त घ्या. इन्सुलिन असेल तर गाडीच्या डिकीत किंवा खिडकीशी ठेवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही.

शेवटची विनंती. बर्फ पडला की गुलमर्गच्या चढाला टंगमर्गपाशी गाड्या अडवतात आणि चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाड्याच वर सोडतात. तिथला ड्रायव्हर ‘आज वर नको’ म्हणाला, तर हजार-दोन हजार जास्त देऊन त्याला चढवू नका, ‘आम्ही एवढ्या लांबून आलोय’ असं म्हणून त्याला भरीसही पाडू नका. त्याच्यासोबत टपरीवर चहा घ्या आणि गाडी श्रीनगरकडे वळवायला सांगा.