हिरडा, चामडे आणि रंगाची कसोटी

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात हिरडा हे आदिवासी कुटुंबांच्या उत्पन्नाचे एक साधन आहे. कोवळा बाळहिरडा औषधांसाठी जातो. पक्क्या फळातील टॅनिन चामडे कमावण्यास उपयोगी पडते. कोल्हापुरी चपलेचे चामडे पिढ्यान्‌पिढ्या बाभळीची साल आणि हिरडा यांवरच कमावले गेले. त्यामुळे या चपलेच्या परदेशी बाजारपेठेची चर्चा या डोंगरांपर्यंतही पोचायला हवी.

इटलीच्या प्राडा कंपनीने जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारख्या चपला श्रेय न देता मिरविल्या. टीकेनंतर तिने भारतीय परंपरेचे ऋण मान्य केले आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन याच दोन महामंडळांच्या नावे आहे. मानापमानाचा प्रश्न असा मिटला. रंगाचा मात्र बाकी आहे.

वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेल्या चामड्याची खोड अशी, की ते रंग सहजी धरत नाही. चामड्यासाठी सर्रास वापरले जाणारे रंग ऋणभारित असतात आणि टॅनिनही त्याच भाराचे. साहजिकच क्रोमने कमावलेल्या चामड्यावर हे रंग जितके घट्ट बसतात, तितके येथे बसत नाहीत. पावसात भिजलेली लाल चप्पल पाय रंगविते, ती मुख्यतः यामुळेच. प्रयोगशाळेतील परीक्षा दिसायला साधी असते. पांढऱ्या लोकरी नमद्याचा तुकडा कोरडा, ओला आणि कृत्रिम घामात भिजवून चामड्यावर ठरावीक वेळा घासायचा. नमद्यावर उतरलेला डाग करड्या छटांच्या पट्टीशी ताडून १ ते ५ गुण द्यायचे. ५ म्हणजे रंग उतरलाच नाही.

दुसरी कसोटी अधिक कठोर. काही ॲझो रंगांच्या विघटनातून कर्करोगकारक अमाइन तयार होतात. जर्मनीने १९९० च्या दशकात अशा रंगांवर बंदी आणली, भारतानेही १९९७ मध्ये ॲझो रंगांची मोठी यादी प्रतिबंधित केली. युरोपीय संघात चामड्यातील अशा अमाइनची मर्यादा किलोमागे ३० मिलिग्रॅम आहे. सुट्या रंगाची पुडी आणणाऱ्या कारागिराला तिच्यात काय आहे, हे कळणार कसे?

हिरडा-बाभळीचा मूळ तपकिरी रंग तसाच राखला, तर ॲझोची धास्ती उरत नाही. पण चामड्यात न बसलेले टॅनिन ओलाव्यात उतरतेच. ‘नैसर्गिक’ या शिक्क्याने घासणीची परीक्षा टळत नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडे हे ज्ञान आहे, परंतु घरात बसून मोजके जोड शिवणाऱ्याने प्रत्येक खेपेचा नमुना तिकडे धाडणे अव्यवहार्य होय. तपासलेला रंग एकगठ्ठा घेऊन तो कारागिरांना पुरविणे आणि घासणीच्या परीक्षेची सोय त्यांच्या गावांजवळ करणे, हे काम मानांकन ज्यांच्या नावे आहे त्या महामंडळांचेच आहे.