थाळी चॅम्पियनची, हात कोणाचा?

विद्यापीठाची स्पर्धा जवळ आली की मैदानावर हमखास प्रश्न येतो, "कुठली थाळी घेऊ?" उत्तरही ठरलेलं, "चॅम्पियनवाली!" थांबा मित्रांनो. मुलांची थाळी २ किलोची, मुलींची १ किलोची, हे नियमानं ठरलंय. पण ते वजन थाळीत कुठे बसवलंय, यावर बराच खेळ आहे. कडेला जास्त वजन असलेली थाळी जोरात फिरली तर हवेत स्थिर राहते, लांब जाते. तेवढी फिरकी हाताला जमत नसेल, तर तीच थाळी डगमगते आणि लवकर खाली येते.

परदेशातल्या डिस्क गोल्फमध्येही हेच. ताकदवान हातांसाठीची 'ओव्हरस्टेबल' डिस्क नवख्यानं उजव्या हातानं बॅकहँड फेकली, की लगेच डावीकडे वळून पडते.

आपल्या गोंदियात कित्येक घरांत नवी थाळी म्हणजे धानाच्या पैशातला वाटा. तो घाईत खर्चू नका. आधी कॉलेजच्या साध्या थाळीवर, अडीच मीटरच्या वर्तुळात पाय बसवा, फिरकी पक्की करा. हात तयार झाला, की मग खुशाल घ्या चॅम्पियनवाली!