शेतातील जिवंत तारांमुळे होणारे वाघांचे मृत्यू थांबवण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. उपवनसंरक्षक साहेब

विषय : वरीलप्रमाणे (पुन्हा एकदा स्मरणपत्र)

महोदय,

सविनय सादर करतो की, याच विषयावरची आमची आधीची निवेदने आवक शिक्क्यासह आपल्याच कार्यालयात पडून आहेत. धान निसवण्याआधी रात्रीची गस्त सुरू होईल, असे आपल्या आधीच्या साहेबांनी ग्रामसभेत सांगितले होते. धान निसवला, कापला, मळूनही झाला. गस्त आली नाही.

राज्यात २००६ साली १०३ वाघ होते, २०२२च्या गणनेत ४४४ झाले. आम्हालाही त्याचा आनंद आहे. पण हे वाघ व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत मावत नाहीत. एका जंगलातून दुसऱ्यात जाताना ते आमच्या बांध्यांतूनच जातात. २०१७ मध्ये नागभीड भागात ‘श्रीनिवास’ नावाचा वाघ शेतातल्या अशाच जिवंत तारेच्या करंटने गेला. तो ‘जय’ या प्रसिद्ध वाघाचा बछडा होता, गळ्यात रेडिओ कॉलर होता, म्हणून निदान गवगवा तरी झाला.

तार रानडुकरांसाठी लागते, वाघासाठी नाही. अंधार पडला की बांबूच्या काठीने उघड्या वाहिनीवर आकडा टाकायचा, गुडघ्याच्या खाली खुंट्यांवरून बाइंडिंग वायर ओढायची आणि उजाडण्याआधी गुंडाळून ठेवायची. त्यामुळे दिवसा पाहणी करणाऱ्यांना काहीच सापडत नाही. नाल्याकाठच्या खांबाखाली पडलेले तारेचे तुकडे आम्ही आपल्या वनरक्षकाला दाखवले. ‘वीजवाल्यांना कळवतो’ म्हणाले. वीजवाले म्हणाले, वनखात्याचे पत्र येऊ द्या. ते पत्र कुठे अडले, एवढे तरी कळवावे.

तार लावणाऱ्याची आम्ही बाजू घेत नाही. त्या तारेने माणसेही मरतात. पण रानडुकरांनी रात्रभरात केलेली त्याच्या पिकाची नासाडी मोजायला वनरक्षक, तलाठी आणि कृषी सहायक एका दिवशी बांधावर येत नाहीत. पंचनामा होईपर्यंत धान कापावाच लागतो, आणि मग ‘नुकसान दिसत नाही’ असा शेरा पडतो. भरपाई पंधरवड्यात देण्याचा शब्द मागच्या बैठकीतला आहे. इतिवृत्तात तो नाही, हे आम्ही पाहिले.

म्हणून नाल्यापासून जंगलाच्या कडेपर्यंतच्या उघड्या तारा काढून तिथे इन्सुलेटेड केबल टाकून घ्यावी आणि पीक उभे असेपर्यंत दोन्ही खात्यांनी मिळून रात्रीची गस्त घालावी. शेतपंपांना दिवसा वीज मिळावी, म्हणजे रात्री ती वाहिनी बंद ठेवता येईल. सौर कुंपणाच्या बॅटऱ्या पावसाळ्यानंतर बंद पडतात, त्या बदलून द्याव्यात.

यापुढे बैठकीचे तोंडी आश्वासन आम्ही स्वीकारणार नाही. कोणते काम कोणत्या तारखेला, हे लेखी मिळावे. रब्बीच्या पेरणीपर्यंत ते न आल्यास ग्रामसभा आपल्या कार्यालयाच्या आवारात भरवू.

आपला विश्वासू,
सचिव, ग्राम जैवविविधता व्यवस्थापन समिती

प्रत माहितीस्तव : मा. जिल्हाधिकारी, मा. कार्यकारी अभियंता (वीज वितरण)