स्पर्श की हुकूम?

यंत्राने आता स्पर्शही दूरदेशी पोहोचवला, हे विधान साहित्यवर्तुळात काहींच्या तोंडी गौरव म्हणून येते, तर काहींच्या तोंडी शोक म्हणून. आम्हांला हे दोन्ही पक्ष अमान्य आहेत. कारण स्पर्श म्हणजे काय, हा प्रश्न दोघांनीही विचारलेला नाही.

७ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बसून जाक मारेस्को यांनी फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथील रुग्णाचे पित्ताशय 'झ्यूस' या यंत्रमानवाकरवी काढले. हात अटलांटिकपार गेला हे खरे, स्पर्श मात्र गेला नाही. ऊतकाचा ताठरपणा शल्यविशारदाच्या बोटांना परत कळवण्याची सोय त्या यंत्रात नव्हती. सारा कारभार डोळ्यांच्या भरवशावर झाला. शिवाय ती जोडणी सार्वजनिक इंटरनेटची नव्हे, खास राखून ठेवलेल्या प्रकाशतंतूची होती. तरीही हालचाल आणि तिचे पडद्यावरचे दृश्य यांत सरासरी १५५ मिलिसेकंदांचा विलंब होताच.

असा विलंब डोळा चालवून घेतो, हात घेत नाही. बलाची जाणीव खरी वाटायची तर ती सेकंदाला सुमारे हजार वेळा ताजी व्हावी लागते. उशिरा आलेला धक्का हाताला भलत्या क्षणी ढकलतो. हात सावरू पाहतो, तर ती सावरण्याची हालचालही पलीकडे उशिराच पोहोचते आणि अखेर यंत्र थरथरू लागते. 'अंतर संपले' म्हणणाऱ्यांनी ही थरथर ध्यानात घ्यावी. दृश्यात लपलेले अंतर स्पर्शात उघडे पडते.

शोक करणाऱ्यांची चूक वेगळी आहे. यंत्र आले की माणूसपण गेले, असे ते धरून चालतात. रेमंड गर्ट्झ यांनी अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेत किरणोत्सर्गी पदार्थ हाताळण्यासाठी १९५०च्या आसपास जोडहात घडवले. अशा जोडीला अभियंते 'मालक' आणि 'गुलाम' म्हणत आले. संज्ञेचा दर्प उग्र आहे. परंतु रचना संज्ञेलाच खोटे पाडते. पलीकडचा हात अडला की अलीकडच्या हातालाही अडावे लागते. मालकाला गुलामाचे ओझे जाणवल्याखेरीज तेथे काम होत नाही. किती मानवी व्यवस्थांविषयी आपण असे म्हणू शकू?

पाहणे एकतर्फी असू शकते, स्पर्श कधीच नसतो. म्हणूनच भय बाळगायचे ते बल परत पाठवणाऱ्या यंत्राचे नव्हे, तर केवळ आज्ञा वाहून नेणाऱ्या यंत्राचे. हजारो मैलांवरून सशस्त्र ड्रोन चालवणाऱ्याला लक्ष्य पडद्यावर दिसते, पण त्याच्या बोटाला पलीकडून कोणताच विरोध जाणवत नाही.

शब्दांवर उपजीविका करणाऱ्या आपण सर्वांनी निदान एवढा विवेक पाळावा: जेथून प्रतिकार परत येत नाही, त्या व्यवहाराला स्पर्श म्हणू नये. त्यासाठी मराठीत 'हुकूम' हा जुना शब्द आहे, तो पुरेसा आहे.